बैठकीचं घोंगडं

१

जगात असा एकही तंटा नाही, जो एका घोंगड्यावर बसून मिटत नाही.

हे वाक्य आमच्या सर्वधर्म व नागरी विचारविनिमय केंद्राच्या दारावर हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याखाली पेंटरनं स्वतःचा मोबाईल नंबर त्याहून मोठ्या अक्षरांत टाकला, त्यामुळं लोक तंटा घेऊन आधी त्यालाच फोन करतात. तो पुष्कळदा मिटवतोही. त्या सोमवारी सकाळी मात्र अडचण निराळी होती. तंटा होता, तो घेऊन आलेली माणसं होती, चहाला आधण आलेलं होतं. घोंगडं नव्हतं.

मांजरसुंब्याच्या चौकातून केजकडं निघालं की ढाबे संपतात आणि आमचं केंद्र लागतं. एसटीचे कंडक्टर त्याला 'बोलघर' म्हणतात. ईद आणि गणपती एकाच आठवड्यात आले तर कोणाची मिरवणूक कुठल्या गल्लीनं काढायची, दहावीची परीक्षा चालू असताना सप्त्याचा भोंगा किती वाजता बंद करायचा, असले देवाचे आणि माणसांचे एकमेकांत अडकलेले प्रश्न इथं येतात. ते सोडवायला तीन 'सहविचारी' नेमलेले आहेत. त्यांना पगार नाही. वर्षाला एक शाल मिळते आणि गावात कोणाशीही मोकळेपणानं भांडायचा हक्क जातो.

पहिले राधाकिशन गुरुजी. केंद्राचे सगळे नियम त्यांनी केले, आणि ते मोडू नयेत म्हणून ते अजून जिवंत आहेत असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या छबुआक्का, सुंदरराव पाटलांच्या थोरल्या बहीण, एके काळच्या जिल्हा परिषद सदस्य. त्या कुठल्याच पक्षात टिकल्या नाहीत. पक्ष टिकले, एवढंच. तिसरी अंजू, धुळाजी धनगराची लेक. समाजकार्याची पदवी घेऊन ती गावी परत आली, तेव्हा आता ही नोकरीला जाईल की लग्नाला यावर पारावर पैजा लागल्या होत्या. ती केंद्रात आली. पैजा लावणारे अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत.

मी चिटणीस. म्हणजे चहा सांगतो.

केंद्राच्या दोन रीती आहेत. शहादेव बुवांनी केंद्र काढलं त्या दिवशी बसायला सतरंजीसुद्धा नव्हती. तेव्हा धुळाजीनं खांद्यावरचं घोंगडं काढून अंथरलं, आणि बुवा म्हणाले, इथून पुढं चर्चा चालवणारा ह्यावरच बसेल. त्यावर गुरुजींनी नियम केला: हे घोंगडं खोलीत नसलं तर बैठक झाली नाही असं समजा. ही पहिली रीत. दुसरी अवघड आहे. स्वतःची बाजू मांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीही समोरचा 'हां, हेच' म्हणेपर्यंत. ह्या रीतीपायी कित्येक तंटे न बोलताच मिटले आहेत. समोरच्याची बाजू तोंडातून काढण्यापेक्षा माणसं भाऊबंदकी सोडून देतात.

त्या सोमवारी अंजू पहिल्यांदाच घोंगड्यावर बसणार होती. प्रश्न तिच्याच घरचा होता. महादेवाच्या बारवेशेजारी दगडी डोण आहे, तिथं धनगरांची मेंढरं पिढ्यान् पिढ्या पाणी पितात. देवस्थानचे अध्यक्ष सुंदरराव यांना तिथं भाविकांसाठी बाग करायची होती आणि बागेभोवती भिंत. विटा येऊन पडल्या होत्या. दोन्ही बाजूंनी शब्द दिला होता की सोमवारच्या बैठकीत ठरेल ते मान्य. बैठक झालीच नाही, तर मंगळवारी भिंतीचं काम सुरू. पुढं सगळा उन्हाळा उभा होता, आणि दुसरं पाणी घाटाखाली.

अंजूनं लोखंडी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास भपकन बाहेर आला, कारण घोंगड्याला कसर लागू नये म्हणून आम्ही त्या ओंजळीनं टाकतो. शाली होत्या. पितळी समई होती. माईकचा संच होता. घोंगड्याच्या खणातून दोन गोळ्या घरंगळत खाली आल्या आणि सुंदररावांच्या पायाशी जाऊन थांबल्या.

सुंदररावांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं, आणि समाधानानं म्हणाले, "मंग निघावं का?"

२

"खाली बस, सुंदर," छबुआक्का म्हणाल्या.

सुंदररावांचं वय पासष्ट आणि हाताखाली साखर कारखान्याचे दोन संचालक. ते खाली बसले.

गुरुजींनी नियम सांगितला. घोंगडं खोलीत नसलं तर बैठक नाही. नियमाला आपला इलाज नाही, नियम आपणच केलेला असला तरी. हे सांगताना त्यांचा चेहरा दुःखी होता, पण फार दुःखी नव्हता.

अंजूनं कपाट बंद केलं. घोंगडं अंथरतात त्या जागेवर, उघड्या शहाबादी फरशीवर, ती मांडी घालून बसली. गुरुजी म्हणाले, अशानं बैठक झाली असं होत नाही. ती म्हणाली, "नसू द्या. मी बसलेय एवढं तर होतंय ना. भिंत घालायची तर आधी मला हितून उचला."

छबुआक्कांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी दाराला आतून कडी लावली, पिशवीतून ढाळ्यांची जुडी काढली आणि हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलत म्हणाल्या, की बैठक नसली तर नसू दे, आपण गप्पा मारू. दिवस मावळेपर्यंत सोमवारच आहे. तोवर घोंगडं सापडलं तर बैठक, न सापडलं तर सुंदरची भिंत.

खोलीत आम्ही एवढेच होतो: तिघे सहविचारी, सुंदरराव, त्यांचा मुलगा अमरसिंह, मी, आणि धुळाजी. धुळाजी आल्यापासून खिडकीखाली भिंतीला टेकून उभा होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, धनगर असतो तसा. एरवी त्याच्या अंगावर सगळंच चुरगळलेलं असतं; त्या दिवशी तो जरा घडीचा वाटत होता. लेकीची पहिली बैठक, म्हणून असेल. त्याचा काळा कुत्रा रोज त्याच्या पायाशी बसतो, तो आज रस्त्याच्या पलीकडं बसून मालकाकडं बघून गुरगुरत होता. कुत्र्यांचं कधी कधी बिनसतं.

अंजूनं बसल्या जागेवरूनच बापापुढं चहाचा कप धरला. त्यानं घेतला नाही. मी तोच कप पुढं केला, तर घेतला.

"किल्ली कुठं असती?" आक्कांनी विचारलं. दाराच्या वरच्या खिळ्याला, मी सांगितलं. आणि कपाटाचं कुलूप? कपाटाचं कुलूप तीन वर्षांपासून बुक्की मारली की उघडतं, हे मांजरसुंब्याच्या चौकात वडापाव विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

"म्हंजे सगळ्यांना जमण्यासारखं हाय," आक्का म्हणाल्या. "गुरुजी, तुमची पिशवी एवढी कावून फुगलीय?"

३

गुरुजींनी पिशवी छातीशी धरली. पिशवी फुगलेली होती, हे खरंच होतं. इतका वेळ ती आमच्या डोळ्यांसमोर होती, पण गुरुजींची पिशवी कायम नियमांनी फुगलेली असते, असं आमच्या मनात पक्कं बसलेलं.

आक्कांनी संशयाची बाजू मांडली, गुरुजींच्याच रीतीनं. म्हणाल्या, मी राधाकिशन आहे असं समजा. इतकी वर्षं घोंगड्यावर मी बसलो. आता धनगराची पोर बसणार. मला राग नाही, मी शिकलेला आहे, पण पोटात जरा दुखतंय. घोंगडंच नसलं तर कोणी बसणार नाही, आणि दोष नियमावर जाईल. नियम तर मीच केला आहे. "हेच का, गुरुजी?"

गुरुजींनी पिशवी छातीवरून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "पोटात दुखतंय इथपर्यंत हेच. पुढचं न्हाई."

पिशवीत एक गोल उशी निघाली. मध्ये भोक असलेली, डॉक्टर लिहून देतात ती. गुरुजींना वर्षभरापासून जमिनीवर बसवत नव्हतं आणि हे त्यांनी घरातसुद्धा सांगितलेलं नव्हतं. आता घोंगडं अंजूकडं गेलं, तर आपण ह्या उशीवर बसलो तरी कोणी विचारणार नाही, म्हणून त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि तेच बरं वाटणं त्यांना लपवायचं होतं.

आक्कांनी त्यांच्या हातावर सोललेले घाटे ठेवले. "खरं बोललात. खावा."

मग त्या अमरसिंहाकडं वळल्या. अमरसिंह मोबाईलमध्ये बघत होता, मोबाईल बंद होता.

"काल सांजच्याला तुझी जीप केंद्राच्या मागं उभी व्हती. काखेत गुंडाळलेलं काहीतरी घिऊन तू पळत होतास. बजरंगच्या ढाब्यावरनं मी सोता बघितलं. काय व्हतं बे ते?"

४

आत्याला खोटं सांगायची सवय अमरसिंहाला लहानपणापासून होती, पण ती कधी उपयोगी पडलेली नव्हती. त्यानं आधी सांगितलं की मी केंद्राकडं गेलतोच न्हाई. मग म्हणाला गेलतो, पण लघवीला. मग त्यानं वडिलांकडं पाहिलं, आणि उठून, कडी काढून जीपमधून गुंडाळी आणली.

सुंदररावांनी ती हिसकावून उलगडली. घोंगडं नव्हतं. फ्लेक्स होता. 'बारव बाग भूमिपूजन' अशी अक्षरं, खाली देवाचा छोटा फोटो, त्याच्या बाजूला सुंदररावांचा मध्यम फोटो, आणि मधोमध हात जोडलेला अमरसिंह, देवापेक्षा अडीचपट. बैठक होईल, ती आपल्याच बाजूनं होईल, असं धरून त्यानं तो आधीच करून आणला होता. केंद्राच्या मागच्या भिंतीवर लावून बघायला तो गेला होता. वडिलांची गाडी येताना दिसली म्हणून पळाला.

सुंदरराव फोटोंचं माप बघत राहिले. भिंतीचा विषय काही क्षण त्यांच्या डोक्यातून गेलेला दिसला.

"हा चोर न्हाई," आक्का म्हणाल्या. "बैठक होणार म्हणून ज्यानं फ्लेक्स छापला, तो बैठक मोडायला घोंगडं कशाला नेईल? घे अमर, घाटे खा."

आता उरले सुंदरराव. खोलीतले सगळे आधीपासून त्यांच्याकडंच बघत होते, फक्त नावापुरते इतरांकडं वळत होते. बैठक झाली नाही तर फायदा त्यांचाच. गडी त्यांचेच. विटाही त्यांच्याच.

त्यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, आक्का, माझी झडती घे, घराची घे, ऊस उलथापालथा कर. आणि खरंच तसं झालं. दुपारपर्यंत ढाब्यावरची पोरं, पारावरची माणसं, सगळ्यांनी मिळून घोंगडं शोधलं. पाटलांचा गोठा बघितला, जीपच्या सीटाखाली बघितलं, उसात गेले, विहिरीत गळ टाकला. विहिरीतून एक बादली निघाली, ती कोणाची यावरून नवा तंटा लागला. तो पेंटरनं फोनवर मिटवला. घोंगडं नाही.

अंजू अजून फरशीवरच होती. आक्कांनी तिला विचारलं, तयारी कशी झालीय. ती म्हणाली, स्वतःची बाजू तर जन्मापासून पाठ आहे. सुंदरअण्णांची बाजू मांडायला मात्र महिना लागला. रोज संध्याकाळी मेंढवाड्यात उभी राहून मोठ्यानं म्हणत होते. "मेंढरांनापण पाठ झालीय आक्का. मी सुरू केलं की माना खाली घालतात."

कोणी हसलं नाही. आक्कांच्या हातातला घाटा मात्र सोलायचा राहिला.

"मी चोराची बाजू मांडू का?" त्या म्हणाल्या. "आता मला ती येती."

५

दुपार कलली होती. सगळे आत येऊन बसले. धुळाजी तेवढा खिडकीखाली उभा.

आक्का म्हणाल्या, की सकाळपासून आपण एकच चुकीचं धरून बसलो. घोंगडं नेणाऱ्याला सुंदरची भिंत पाहिजे होती, असं. पण भिंत पाहिजे असणारा कपाट कशाला उघडील? सुंदरनं एक फोन करून अर्धं गाव बैठकीला येऊच दिलं नसतं, त्याला तेवढं येतं. (सुंदररावांनी मान हलवली, ही निंदा आहे की कौतुक हे त्यांना ठरवता आलं नाही.) आणि चोरालाच न्यायचं तर शाली होत्या, समई होती, माईक होता. ते सगळं तसंच राहिलं. ज्यानं नेलं त्याला घोंगडंच पाहिजे होतं. मोडायला नको, विकायला नको, जाळायला नको. तेच पाहिजे होतं.

"दुसरी गोष्ट. सकाळपासून इथं प्रत्येकानं मला विचारलं, आक्का, कोणी नेलं असंल? गुरुजींनी विचारलं, अमरनं विचारलं, ह्या चिटणिसानं चहा देताना चार वेळा विचारलं. एकानं न्हाई विचारलं. ज्यानं ते घोंगडं केंद्राला दिलं, त्यानंच."

खोलीतल्या माना हळूहळू खिडकीकडं वळल्या.

"धुळाजी," आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुझा कुत्रा तुझ्यावर कावून गुरगुरतोय?"

धुळाजी काठीवर रेलून उभा राहिला.

"मी सांगते. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला मेंढराचा वास येतो. आज तुला लोखंडी कपाटाचा वास येतोय. डांबरगोळ्यांचा. मला वाटलं कपाट उघडं राहिलंय, म्हणून मी दोनदा उठून बघितलं. कपाट बंदच. वास खिडकीकडनं." त्यांनी हातातला घाटा बाजूला ठेवला. "आन् धनगराच्या घोंगड्याला घड्या कधी असतेत का रे? खांद्यावरचं भुईवर, भुईवरचं खांद्यावर, घडी घालायला सवड कुणाला? तुझ्या खांद्यावरच्या घोंगड्याला चौकोनी घड्या हायत. अशा चौकोनी घड्या ह्या तालुक्यात फक्त आमचा चिटणीस घालतो."

मी पाहिलं. माझ्याच घड्या होत्या. उभी एक, आडव्या दोन.

इतकी वर्षं त्या घोंगड्याला आम्ही हार घातले होते, पाहुण्यांना दाखवलं होतं, त्याच्याबद्दल भाषणं केली होती. त्यासाठी आज विहिरीत गळ टाकला होता. ते सकाळपासून आमच्यापुढं एका म्हाताऱ्या धनगराच्या खांद्यावर होतं, आणि धनगराच्या खांद्यावर घोंगडं असणारच, म्हणून कोणी बघितलं नव्हतं.

"म्या लपवलं न्हाई," धुळाजी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण खालीही नव्हता. "सकाळधरनं तुमच्या म्होरं हुबा हाय. कुणीबी म्हणलं असतं, धुळाजी, हे काय, तर दिलं असतं. कुणी म्हणलंच न्हाई."

सुंदरराव उठले. बघा, म्हणाले, ज्यांचं गाऱ्हाणं त्यांनीच बैठक मोडली. आता बोलायला काय उरलं. भिंत उद्याच.

अंजू फरशीवरून उठली नव्हती. तिनं फक्त बापाकडं पाहिलं. "आबा, कावून?"

६

धुळाजीनं हे लेकीला सांगितलं नाही. आक्कांना सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

महिनाभरापूर्वी तो संध्याकाळी मेंढरं घेऊन परतला, तर मेंढवाड्यात त्याची लेक उभी होती आणि मोठ्यानं म्हणत होती, की देवाच्या पाण्यात लेंड्या पडतात. की गाभाऱ्यापुढं मुतल्याचा वास येतो. की धनगर आज इथं आहेत, उद्या दुसरीकडं, पण देऊळ कायमचं आहे. रोज म्हणत होती, आणि रोज जास्त चांगलं म्हणत होती. बाभळीमागं उभा राहून त्यानं रोज ऐकलं. पाटलांनी पोर फितवली, असं त्याच्या मनानं घेतलं. विचारलं नाही, कारण विचारलं आणि ती हो म्हणाली तर मग काय करायचं.

"तिनं काय म्हणायचं ते म्हणू दे," तो म्हणाला. "शिकल्याली हाय. पर माज्या घोंगड्यावर बसून न्हाई. म्हणून म्या घिऊन आलो. माजं व्हतं, खांद्यावर टाकलं. माजं रोजचं परवा झालेल्या कोकरांवर टाकलंय, गारठा हाय."

केंद्राची दुसरी रीत धुळाजीला माहीत नव्हती. घोंगडं देऊन तो गेला होता मेंढरामागं. आत येऊन बस, असं त्याला आम्ही पुन्हा कधी म्हटलंच नव्हतं. ती रीत त्याला लेकीनं सांगितली, तिथंच, सगळ्यांपुढं. ती त्यांची बाजू होती आबा. आधी त्यांची, मग आपली. त्यांची इतकी चांगली मांडायची, की मग आपली मांडताना त्यांना तोंड उघडायला जागा राहू नये.

"आन् ते 'देऊळ कायमचं आहे' ते?"

"तेपण त्यांचंच."

"लई चांगलं म्हणत व्हतीस," धुळाजी म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, पण आता ती निराळी तक्रार होती.

सुंदरराव अजून उभेच होते. ह्या सगळ्याशी आपला संबंध नाही, म्हणाले, घोंगडं नव्हतं, बैठक गेली.

छबुआक्का गुरुजींकडं वळल्या. "गुरुजी, नियम काय हाय? घोंगडं अंथरलेलं पाहिजे, का खोलीत पाहिजे?"

गुरुजींनी सुंदररावांकडं पाहिलं. पाटलांच्या विहिरीवरून गुरुजींच्या शेतात पाइप गेलेला आहे. मग त्यांनी आपल्या उशीकडं पाहिलं, जी आता सगळ्या गावानं पाहिली होती, आणि बहुधा मनात म्हणाले असतील की आता आणखी काय जायचं राहिलंय. ताठ बसून ते म्हणाले, "खोलीत पाहिजे. अंथरलेलं पाहिजे असं मी कुठंही म्हटलेलं नाही."

"आन् सकाळधरनं कुठं व्हतं?"

"खोलीत."

"दाराला कडी कुणी लावली व्हती?"

"तुम्ही."

"मंग सुंदर," आक्का म्हणाल्या, "बैठक सकाळीच सुरू झालीय. तू उशिरानं आलायस असं धरू. खाली बस."

७

अंजूनं हात पुढं केला. धुळाजीनं घोंगडं खांद्यावरून काढलं, झटकलं आणि स्वतः तिच्या जागेवर अंथरलं. एक डांबरगोळी निघाली, ती त्यानं उचलून माझ्या हातात दिली.

अंजूनं सुंदररावांची बाजू मांडली. बाग, भाविक, देवाचं पाणी, सगळं. अशी मांडली, की सुंदररावांच्या डोळ्यात पाणी आलं. स्वतःच्या मनात एवढं थोर काही आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोनदा "हां, हेच" म्हटलं, एकदा पुरतं तरी.

"आता तुम्ही, अण्णा," अंजू म्हणाली. "आधी आबाची बाजू. ते 'हां, हेच' म्हणेपर्यंत. मग तुमची."

सुंदरराव खाकरले. म्हणाले, धनगर समाज हा आपल्या संस्कृतीचा कणा आहे.

"न्हाई," धुळाजी म्हणाला.

म्हणाले, परंपरागत वहिवाटीचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत बघता.

"न्हाई."

म्हणाले, मुक्या प्राण्यांवर दया हा आपल्या सगळ्याच संतांनी.

"न्हाई."

अमरसिंहानं काहीतरी सुचवायला तोंड उघडलं. आक्कांनी त्याच्या हातावर घाटे ठेवले.

सुंदरराव तापले. सदरा मानेशी ओला झाला. त्यांनी धुळाजीकडं पाहिलं, आणि त्या सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते भाषणाच्या आवाजात नव्हतं.

"आरं, तान लागल्यावर मेंढरू बघतंय का, ट्रस्टचा अध्यक्ष कोण हाय ते? आपुन बारीक असताना त्याच डोणीला तोंड लावून पाणी प्यालोय की नाही आपुन दोघं, मेंढरांच्या मधी घुसून? तवा नव्हता देव बाटला."

धुळाजीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हां," धुळाजी म्हणाला. "हेच."

आता रीतीप्रमाणं सुंदररावांना स्वतःची बाजू मांडायची मोकळीक होती. त्यांनी मांडायचा प्रयत्न केला. 'बाग' असं म्हणाले, आणि थांबले. खिडकीतून बाहेर विटांकडं बघितलं. अंजू घोंगड्यावर ताठ बसून वाट बघत होती, घाई न करता. ती दिवस मावळेपर्यंत थांबली असती. शेवटी सुंदरराव म्हणाले, की बाग डोणीच्या अलीकडं थांबेल. डोणीच्या अंगानं भिंत नको.

गुरुजींनी लगेच विचारलं, डोणीच्या अंगानं म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत. अमरसिंहानं विचारलं, मग फ्लेक्सवर काय लिहायचं. आक्का म्हणाल्या, फ्लेक्सवर डोणीचा फोटो मोठा करा, तिला मतदान नाही, तिच्यापासून धोका नाही. ह्या ठरावाला केंद्राच्या इतिहासात काय स्थान असेल, यावर गुरुजी उशीवर बसून बोलू लागले, आणि ते चांगलं बोलत होते. सगळे ऐकत होते.

धुळाजीनं दोनदा खिडकीबाहेर पाहिलं. कुत्रा रस्ता ओलांडून दारात आला होता आणि शेपटी हलवत होता. मग धुळाजीनं काठीनं फरशीवर हलकेच टकटक केलं, शाळेतला पोरगा बोट वर करतो तसं.

"गुरुजी, तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "म्या तवर मेंढरं पाजून आणू का? सकाळधरनं तशीच हायत."